हे पाणी आत्ता कोणाचे?

ओमानमधल्या निजवा शहराजवळ एका खजुराच्या बागेत पाटाच्या कडेला एक म्हातारा बसला होता. पाट जेमतेम हातभर रुंद, पाणी घोट्याएवढे. मी त्याला विचारले, "चाचा, हे पाणी कोणाचं?" माझ्या मावसभावाने मोडक्यातोडक्या अरबीत प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचवला. म्हाताऱ्याने पाण्याकडे पाहिलेच नाही. मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि म्हणाला, "आत्ता? आत्ता मशिदीचं. पाऊण तासानं एका विधवेचं. अस्रनंतर माझं."

मी मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्याकडे 'हे पाणी कोणाचं' या प्रश्नाचे उत्तर सातबारा पाहून देतात. जमीन ज्याची, विहीर त्याची, पाणी त्याचे. घड्याळ पाहून पाण्याचा मालक सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मावसभाऊ चौदा वर्षांपासून मस्कतमध्ये नोकरीला आहे. त्याच्याकडे आठ दिवसांसाठी गेलो होतो, किल्ले आणि समुद्र पाहायला. परत आलो तो या पाटाचे वेड घेऊनच. पुढे जे वाचले, विचारले, त्यातले थोडे इथे मांडतो.

ओमानमध्ये वर्षाकाठी सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या दुष्काळी म्हणवल्या जाणाऱ्या मराठवाड्यात सातशेच्या आसपास. बारमाही नदी तिथे नाही म्हटले तरी चालेल. तरीही डोंगराच्या पायथ्याशी शेकडो वर्षांपासून गावे आहेत, खजुराच्या दाट बागा आहेत. त्या ज्याच्यावर जगल्या त्याचे नाव फलज. अनेकवचन अफलाज. शब्दाच्या धातूतच 'वाटणे, विभागणे' हा अर्थ आहे. म्हणजे त्या लोकांनी पाटाला नाव देताना वाहण्यावरून दिले नाही, वाटणीवरून दिले.

फलज तीन प्रकारचे. झऱ्यावरचा तो ऐनी, ओढ्याचे पाणी वळवून आणलेला तो गैली आणि सर्वांत अवघड तो दाऊदी. दाऊदीत डोंगराच्या पायथ्याशी एक मूळ विहीर खणतात; तिला 'उम्म', म्हणजे आई म्हणतात. काही ठिकाणी ती दहा-बारा पुरुष खोल. तिथून गावाच्या दिशेने जमिनीखालून बोगदा काढतात, इतक्या हलक्या उताराचा की पाणी पळणारही नाही आणि थांबणारही नाही. मध्ये मध्ये हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी उभ्या विवरांची रांग. काही किलोमीटर गेल्यावर पाणी आपोआप उघड्यावर येते. मोट नाही, बैल नाही, इंजिन नाही. लोककथा सांगते की हजरत सुलेमान बिन दाऊद (अलै.) उडत्या आसनावरून इथे उतरले, पाण्यावाचून कोरडा पडलेला हा मुलुख पाहिला आणि जिनांना कामाला लावून दहा दिवसांत हजारो फलज खणून घेतले. 'दाऊदी' नाव त्यावरूनच. खरे खणणारे जिन नव्हते. अवामिर टोळीचे लोक या कामात वाकबगार मानले जात. पण जमिनीखाली वाकून मैलभर बोगदा काढणाऱ्या माणसाला गावाने जिन समजणे मला तरी फार चूक वाटत नाही.

ओमानमध्ये आजही सुमारे तीन हजार फलज वाहतात. त्यांतले पाच २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतले. १६५० मध्ये मस्कतमधून पोर्तुगीजांना हाकलणाऱ्या यारुबी इमामांच्या काळात फलज-दुरुस्तीची मोठी कामे झाली. हा झाला बांधकामाचा इतिहास, आणि पर्यटकांना तोच दाखवतात. मला अडवले ते वाटणीने.

पाणी बोगद्यातून पहिल्यांदा उघड्यावर येते, त्या जागेला तिथे म्हणतात 'शरिया'. होय, तोच शब्द. अरबीत शरीयतचा जुना अर्थच पाणवठ्याकडे जाणारी वाट असा आहे. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की टीव्हीवर काय काय दाखवतात ते सोडा. निजव्याच्या बाईसाठी शरिया म्हणजे हंडा भरायची जागा. तिथे कोणीही यावे, पाणी प्यावे, भरून न्यावे. गावचा असो की वाटसरू. त्याच्या वरच्या बाजूला कोणी अंग धुवायचे नाही, भांडे बुडवायचे नाही. खाली गेल्यावर मशिदीचा वजूखाना, मग पुरुषांचे न्हाणीघर, बायकांचे न्हाणीघर, मय्यतीला गुस्ल देण्याची जागा. इतक्या सगळ्यांतून गेल्यावर मग पाणी बागेत शिरते आणि तिथे मालकी सुरू होते.

फिकहमध्ये या दोन गोष्टींना दोन वेगळी नावे आहेत. पहिला हक्क-ए-शफा. शफा म्हणजे ओठ. ओठांचा हक्क, म्हणजे तहानेचा. तो माणसाला आहे आणि जनावरालाही. दुसरा हक्क-ए-शिर्ब, म्हणजे शेत भिजवण्याच्या पाळीचा हक्क. शिर्ब विकत घेता येतो, वारशाने मिळतो, भाड्याने देता येतो. शफा विकता येत नाही, कारण तो कोणा एकाचा नसतोच. पाणी, चारा आणि विस्तव यांत सगळे भागीदार आहेत, या आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. उरलेले पाणी वाटसरूला नाकारणाऱ्यावर कयामतच्या दिवशी अल्लाहची नजर पडणार नाही, असेही हदीसमध्ये येते. मदिनेत रूमा नावाच्या विहिरीचे पाणी विकत घ्यावे लागे, तेव्हा हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विहीरच विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. हा किस्सा आपण सगळे मदरशात ऐकतो, आणि दानशूरपणाचा धडा म्हणून विसरूनही जातो.

इथे मराठी माणसाला महाड आठवल्यावाचून राहत नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये ते मान्य केले. तरी तळ्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७. चवदार तळ्यावर तोवर मुसलमानाला मज्जाव नव्हता. हे सांगताना आपली मान ताठ होऊ नये. शफाचा हक्क ज्यांच्या किताबात लिहिलेला होता, त्यांच्यातल्या किती जणांनी तो शेजाऱ्यासाठी मागितला? आमच्या गावात विहिरीच्या काठावर लांब बसलेल्या बायकांच्या घागरीत वरून पाणी ओतले जायचे. ओतणाऱ्यांत माझी दादी होती. ती पाच वेळची नमाजी होती.

आता शिर्बची, म्हणजे पाळीची गोष्ट.

फलजमध्ये पाणी मापून देत नाहीत, वेळ मापून देतात. एका अर्ध्या तासाला म्हणतात 'अथर'. असे चोवीस अथर मिळून एक 'बद्दा', म्हणजे बारा तास. दिवसाचा एक बद्दा, रात्रीचा एक. ज्याचा अथर चालू, सगळा पाट त्याचा. त्याने आपल्या बागेकडे दगड-चिंध्यांचे दार उघडायचे, वेळ संपली की बंद करायचे. आपल्याकडे दारं धरतात तसेच. पाळीचे चक्र फिरून परत त्याच्यापर्यंत यायला कुठे आठवडा लागतो, कुठे दोन आठवडे. वारशात हिस्से पडत पडत अथरचेही तुकडे होतात. एका अथरचे चोवीस भाग धरतात, म्हणजे प्रत्येकी सव्वा मिनिट. सव्वा मिनिटाच्या पाण्याने काय भिजणार? काहीच नाही. पण तो हिस्सा वहीत असतो, बहिणीच्या नावावर असतो, आणि ती तो विकू शकते किंवा भाड्याने लावू शकते. म्हाताऱ्याने सांगितलेल्या विधवेकडे बाग नव्हतीच. तिच्या नवऱ्याच्या चार झाडांची केव्हाच वाटणी झाली होती. पाणी मात्र तिचे राहिले होते आणि त्याच्या भाड्यावर तिची चूल पेटत होती. जमीन आणि पाणी या दोन वेगळ्या मिळकती असल्याने हे शक्य होते.

घड्याळ नव्हते तेव्हा दिवसा उघड्या जागेत रोवलेल्या काठीची सावली पाहायचे. जमिनीवर खुणा केलेल्या असायच्या. रात्री तारे. अमुक तारा डोंगराच्या कडेवर आला की अमुक घराचे पाणी सुरू. सुरैया, म्हणजे आपल्या कृत्तिका, त्या ताऱ्यांतली एक. ढग आले तर काय, असे मी विचारले. मावसभाऊ म्हणाला, "इथं ढग आले तर पाण्याचं भांडण कोण करतो? सगळे नाचतात." आता बहुतेक गावांत मनगटी घड्याळानेच काम चालते.

हे सगळे पाहायला माणसे नेमलेली असतात. वकील हा फलजचा कारभारी. अरीफ पाळ्या सांभाळतो. कोणाचे दार कधी उघडायचे, कधी लावायचे, हे त्याच्या शब्दावर. एक जण वही ठेवतो. एक दलाल लिलाव पुकारतो. लिलाव कशाचा? काही अथर फलजच्याच मालकीचे राखून ठेवलेले असतात. ते भाड्याने बोली लावून देतात आणि त्या पैशातून बोगद्याचा गाळ निघतो, ढासळलेली बाजू बांधली जाते. काही अथर मशिदीला वक्फ असतात, त्यांचेही तसेच. उन्हाळ्यात बोली चढते. दुरुस्तीसाठी सरकारच्या निधीची वाट पाहायची गरज पडत नाही, कारण पाणी स्वतःच आपल्या दुरुस्तीचा खर्च कमावते. आपल्याकडे वक्फ म्हटले की बळकावलेल्या जमिनी आणि कोर्टाच्या तारखा आठवतात. वाहत्या पाण्यातला अर्धा तास वक्फ करता येतो, हे मला निजव्यात कळले.

पाणी कमी झाले तर? फलजचे वैशिष्ट्य असे की तुमच्या नावावर लिटर नसतात, वेळ असतो. धार बारीक झाली की सगळ्यांचीच बारीक होते. वरच्याचा अर्धा तास भरलेला आणि खालच्याचा कोरडा, असे होत नाही. मग हंगामी पिकाची शेते पडीक टाकतात आणि खजूर जगवतात, कारण गव्हाला पुढचे वर्ष आहे, तीस वर्षांच्या झाडाला नाही.

या वाटणीच्या मागे मदिनेतला एक निवाडा उभा आहे. हर्रा भागातल्या ओहोळाच्या पाण्यावरून हजरत झुबैर (रजि.) आणि एक अन्सारी यांच्यात तंटा झाला. झुबैर यांची बाग वर, अन्सारीची खाली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी झुबैर यांना सांगितले, तू भिजव आणि मग पाणी शेजाऱ्याकडे सोड. हा सामोपचाराचा तोडगा होता, झुबैर यांनी थोडे सोडून द्यावे असा. अन्सारी भडकला. झुबैर तुमच्या आत्याचा मुलगा म्हणून हा न्याय का, असे तोंडावर बोलला. प्रेषितांचा चेहरा बदलला आणि मग त्यांनी झुबैर यांना त्यांचा पूर्ण हक्क दिला. पाणी बांधापर्यंत चढू दे, मग सोड. त्या उंचीचे माप पुढे घोट्याइतके धरले गेले. महजूर आणि मुझैनिब या मदिनेच्या दोन ओढ्यांबाबतही हाच नियम आला, घोट्यापर्यंत पाणी धरावे आणि खाली सोडावे.

आपले मौलवी हा किस्सा प्रेषितांचा निवाडा निमूट मानावा यासाठी सांगतात. ते आहेच. पण शेतकऱ्याच्या पोराला त्यात अजून एक गोष्ट दिसते. वरच्याला पहिला मान आहे, पण त्याला घोट्याची मर्यादा आहे. वर आहे म्हणून सगळे पाणी त्याचे होत नाही. गोदावरीच्या वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचे की नाही, यावर नगर-नाशिक आणि मराठवाडा दर दुष्काळात कोर्टात उभे राहतात, तेव्हा मला तो घोटा आठवतो.

याचा अर्थ फलजचे गाव म्हणजे जन्नत होते असा नाही. शेख आणि मोठे बागाईतदार यांच्याकडे अथरांचे गठ्ठे असत. 'बैदार' म्हणून मजूर असत. दुसऱ्याची झाडे सांभाळायची, पाणी लावायचे आणि खजुराचा ठरलेला वाटा घ्यायचा. वहीत त्यांचे नाव नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले गुलामही बागांत राबत. ओमानमध्ये गुलामी कायद्याने संपली ती १९७० साली. वाटणी न्याय्य होती, पण ती ज्यांच्याकडे वाटा होता त्यांच्यातली. ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांच्यासाठी फक्त ओठांचा हक्क होता.

हबशी गुलामांच्या याच व्यापारातून आलेला एक माणूस दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा झाला. मलिक अंबर. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. शहरासाठी त्याने उत्तरेच्या डोंगरातून जमिनीखालून नहर आणली. मूळ विहिरी, भुयारी मार्ग, मधली विवरे. दाऊदी फलजची सख्खी बहीणच. मोगल काळात अशा आणखी नहरी झाल्या आणि काही तर विसाव्या शतकातही वाहत होत्या. पाणचक्कीचे जाते अशाच पाण्यावर फिरायचे आणि दर्ग्याच्या लंगरचे पीठ दळायचे. तंत्र आपल्याकडे आले, पण वही, अरीफ आणि लिलाव आले नाहीत. नहर बादशहाची होती, मग निजामाची, मग नगरपालिकेची. लोकांची ती कधी झालीच नाही. म्हणून तिच्या विवरांवर घरे उभी राहताना कोणाच्या मिळकतीला धक्का लागल्यासारखे वाटले नाही.

ओमानच्या फलजलाही मार बसला, तो मोटरपंपाचा. १९७० नंतर पैसा आला, बोअर आले. पूर्वी पाण्याच्या उगमाभोवती 'हरीम' असायचा, म्हणजे राखीव वर्तुळ, ज्याच्या आत दुसऱ्याने खणायचे नाही. हदीसमध्ये जनावरांना पाणी पाजण्याच्या विहिरीचा हरीम चाळीस हात सांगितला आहे. तेव्हा खोली माणसाच्या दंडाच्या ताकदीवर ठरायची, म्हणून चाळीस हात पुरायचे. पंपाला चाळीस हात म्हणजे काहीच नाही. तो लांबून, खालून ओढतो आणि आईच्या विहिरीत पाणी उतरते. कित्येक फलज असे सुकले. बातिनाच्या किनारपट्टीत इतका उपसा झाला की समुद्राचे खारे पाणी आत शिरले. मग सरकारने मूळ विहिरीजवळ खोदायला बंदी घातली, परवाने आणले. पाळीचे पाणी घेणाऱ्याला दुसऱ्याची पाळी रोज डोळ्यांनी दिसते. पंपवाल्याला फक्त आपले बटण दिसते.

हे मी परक्याबद्दल लिहीत नाही. २००३ मध्ये आमच्या अब्बांनी बोअर घेतला. रात्री मशीन आले, पहाटे दोनशे ऐंशी फुटांवर पाणी लागले. अम्मीने पेढे वाटले. खालच्या मळ्यातल्या काकांनीही पेढा घेतला. त्यांची विहीर आमच्या शेतापासून शंभर पावलांवर, त्यांच्या वडिलांनी बांधलेली. त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा तळाला गेली आणि पुढच्या वर्षी आटलीच. काकांनी अब्बांना एकदाच विचारले, "भाईजान, तुमचा बोअर आमच्या विहिरीचं तर ओढत नाही ना?" अब्बा म्हणाले, "माझ्या जमिनीत घेतलाय." कायद्याने ते बरोबर होते. १८८२ च्या सुखाधिकाराच्या कायद्यापासून आपल्याकडे जमिनीखालचे पाणी वरच्या मालकाचेच धरले जाते. १९९३ च्या राज्याच्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला मनाई केली; म्हणजे सरकारी हरीमच. पण काकांची विहीर सार्वजनिक नव्हती. २००९ च्या कायद्यात दोनशे फुटांपेक्षा खोल जायला बंदी आली. त्याच्यानंतरही आमच्या गावात मशीन रात्रीच येत राहिले आणि आता चारशेच्या खाली जाते.

जमीन आणि पाणी वेगळे करण्याचा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे, हे मला ओमानहून आल्यावर नीट समजले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावपासून पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी. डोईमागे अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. निजव्याच्या वहीत जे बैदार नव्हते ते या वहीत होते. ऊस मात्र जिंकला, हे सांगायला नको.

२०१३ च्या उन्हाळ्यात आमचा बोअर बंद पडला. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, आणि आमच्या गावात टँकर. पहिल्या दिवशी टँकरभोवती मारामारी झाली, एका बाईचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी सरपंचाने अब्बांना बोलावले, कारण अब्बांचे अक्षर चांगले आणि आवाज मोठा. अब्बांनी शंभर पानी वही घेतली, घरोघर फिरून माणसे मोजली, जनावरे मोजली आणि माणशी घागरी ठरवल्या. टँकर आला की झाडाखाली खुर्ची टाकून ते नावे पुकारत. पाहुण्यांसाठी आणि वाटसरूंसाठी एक पिंप आधी भरून बाजूला ठेवायचा, त्याचा हिशोब नाही.

ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर पहिले नाव खालच्या मळ्यातल्या काकांचे आहे. आमचे नाव शेवटून दुसरे.